बंद पिंपातील युरेनियमचा हिशेब



कामगार संघटनेत ज्याची हयात गेली त्या माणसाने युरेनियमवर बोलावे, हे पाहून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. आम्ही पदार्थविज्ञानाचे पदवीधर नाही. सार्वजनिक वाचनालय हेच आमचे महाविद्यालय, आणि जे काही समजले ते तेथेच. तरीही हा विषय आम्ही निवडला, कारण तो मुळात काट्याचा विषय आहे, आणि काट्याविषयी आमच्या जिल्ह्यातील माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. ऊसतोडीच्या टोळीची मजुरी टनावर मिळते. भरलेली गाडी काट्यावर चढते, रिकामी होऊन पुन्हा चढते, आणि दोन आकड्यांच्या वजाबाकीवर नवरा-बायकोच्या कोयत्याची दिवसभराची कमाई ठरते. 'काटामारी' हा शब्द त्यातूनच जन्माला आला. ज्याचे पोट वजनावर अवलंबून असते तो वजन किती भरले हे मागाहून विचारतो. काटा कोणाचा आणि वाचणारा कोण, हे आधी विचारतो.

पण नुसत्या वजनाने भागत नाही, हेही आपणांस ठाऊक आहे. दोन गाड्या सारख्याच वजनाच्या, एकीच्या उसाचा उतारा चांगला, दुसरीचा वाईट. वजन एक, माल वेगळा. युरेनियमच्या बाबतीत हीच गोष्ट कैक पटींनी अधिक खरी आहे.

खाणीतून जे युरेनियम निघते त्यात दोन भाऊ एकत्र नांदत असतात. एकाचे नाव युरेनियम २३८, दुसऱ्याचे युरेनियम २३५. रंग, रूप, रासायनिक गुण, सर्व एक. फरक वजनात, तोही अणूमागे तीन एककांचा. शंभर भागांत थोरला सव्वानव्याण्णव भागांहून अधिक असतो आणि धाकटा जेमतेम पाऊण भागाच्या आत, ०.७ टक्के. पण न्यूट्रॉनचा धक्का लागताच सहजी फुटणारा आणि ऊर्जा देणारा आहे तो हा धाकटा. त्याचे प्रमाण वाढवून तीन ते पाच टक्क्यांवर नेले की बहुतेक वीजकेंद्रांचे इंधन तयार होते. वीस टक्के ओलांडले की त्यास अतिसमृद्ध युरेनियम म्हणतात. नव्वदीच्या घरात नेले की बॉम्बचा माल. व्हिएन्ना येथे १९५७ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने एक रेघ आखली आहे. अतिसमृद्ध मालातील २५ किलो युरेनियम २३५ नाहीसे झाले, तर त्यातून एक बॉम्ब बनण्याची शक्यता नाकारता येणार नाही, असे ती मानते. युरेनियम इतके जड आहे की २५ किलोचा धातूचा गोळा दोन्ही ओंजळींत मावेल.

तेव्हा समोर सारख्या वजनाचे, सारख्या काळसर भुकटीचे दोन डबे आहेत. एकातून वीज व्हावयाची आहे, दुसऱ्यातून शहर बेचिराख होऊ शकते. तराजू दोघांना एकच आकडा देतो. मग ओळखावे कसे?

जुना मार्ग रसायनशास्त्राचा. डबा उघडावा, चिमूटभर नमुना घ्यावा, आम्लात विरघळवावा, मोजावा. या पद्धतीची बरोबरी दुसरी कोणतीही करीत नाही. चांगल्या प्रयोगशाळेत ती हजारात एक भागापर्यंत अचूक जाते. पण तिच्यात तीन अडचणी आहेत. पहिली, नमुना म्हणजे माल नव्हे. साखर कारखान्यात पूर्ण गाडीच्या चार उसांचा रस काढून सगळ्या गाडीचा उतारा ठरला तर शेतकरी का चिडतो, हे येथे बसलेल्या कितीतरी जणांना माहीत आहे. भंगार, राख, पुसलेली फडकी, धुळीने भरलेल्या गाळण्या, असा मिश्र माल पिंपात असेल तर नमुना घ्यावा तरी कोठला? दुसरी अडचण, पक्का माल फोडता येत नाही. युरेनियमच्या वड्या धातूच्या नळीत भरून नळीची दोन्ही टोके वितळजोडाने बंद केली, की ती अणुभट्टीत जाण्यासाठीच बंद झाली. हिशेबासाठी ती कापणे म्हणजे अंड्यातील पिवळा बलक तपासण्यासाठी अंडे फोडणे. आणि तिसरी अडचण आमच्या दृष्टीने सर्वांत मोठी आहे. डबा जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा कोणीतरी कामगार त्यावर वाकणार, आणि ती भुकटी त्याच्या श्वासात जाणार. हिशेब साहेबांचा आणि छाती कामगाराची.

म्हणून न फोडता मोजण्याचे शास्त्र उभे राहिले. त्याचे मूळ तत्त्व फार साधे आहे. हा पदार्थ गप्प बसत नाही. तो स्वतःच आपले नाव सांगत असतो. युरेनियम २३५ चे अणू आपोआप ढासळत असतात, फार सावकाश, निम्मे ढासळावयास सत्तर कोटी वर्षे लागतात, पण अणूंची संख्याच इतकी अफाट की ग्रॅमभर मालातूनही क्षणोक्षणी हजारो किरण निघत राहतात. त्यांतील एक गॅमा किरण १८६ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा असतो. तो युरेनियम २३५ चा अंगठा समजावा. डब्याबाहेर ठेवलेल्या स्फटिकावर हा किरण आदळला की चमक उठते आणि यंत्र ती मोजते. १९४८ साली रॉबर्ट हॉफस्टाटर यांनी सोडियम आयोडाइडच्या स्फटिकात थोडे थॅलियम मिसळून हे काम होते, असे दाखविले. तोच स्फटिक आजही तपासनीसांच्या हातातील यंत्रात असतो. त्याहून बारीक निवड करावयाची तर जर्मेनियमचा स्फटिक घेतात. तो द्रव नायट्रोजनने उणे १९६ अंशांपर्यंत थंड करण्याची पद्धत होती; आता विजेवर चालणारे शीतकही मिळतात.

येथे एक गंमत आहे, आणि ती समजावी म्हणून आम्हांला स्वतःला बरेच दिवस डोके खाजवावे लागले. युरेनियम स्वतःच इतके जड की आतून निघालेला किरण बाहेर पडण्यापूर्वी त्यातच जिरून जातो. धातूच्या ठोकळ्याची वरची सुमारे तीन मिलिमीटरची साल तेवढी बोलते. आतला सगळा गर मुका. पहिल्या ऐकण्यात हा दोष वाटतो. वस्तुतः हेच या पद्धतीचे बळ आहे.

मोठ्या सभागृहात खच्चून गर्दी भरली आहे, आणि तुम्ही दाराच्या फटीशी कान लावून उभे आहात असे समजा. तुम्हांला पुढच्या दोनचार रांगांचाच आवाज येणार. मागे पन्नास रांगा आहेत की पाचशे, यावरून तुमच्या कानावर पडणारा आवाज बदलणार नाही. तो बदलेल एकाच गोष्टीने: त्या गर्दीत शेकडा किती माणसे घोषणा देत आहेत. शंभरात तीन देत असतील तर एवढा, नव्वद देत असतील तर त्याच्या तीसपट. म्हणजे मालाचा साठा किती हे ठाऊक नसतानाही धाकट्या भावाचे शेकडा प्रमाण आवाजावरून सांगता येते! अट एवढीच, की गर्दी पुरेशी दाट असावी आणि दाराची फट सर्व वेळी तेवढीच असावी. म्हणून स्फटिकापुढे शिशाचे ठराविक भोक ठेवतात. प्रमाण या यंत्राने, एकूण वजन साध्या काट्याने. युरेनियमचे नेमके संयुग ठाऊक असले की दोहोंच्या गुणाकारात युरेनियम २३५ किती किलो ते आले.

आता यातील खोच पाहा. समृद्ध युरेनियम कारखान्यांतून फ्लोरिनशी संयोग पावलेल्या रूपात, पोलादी टाक्यांत हिंडत असते. प्रचारातील एका टाकीत सव्वादोन टन माल राहतो, आणि तिच्या पोलादाची जाडी सुमारे १३ मिलिमीटर असते. हा आपला १८६ चा किरण त्या भिंतीतून जाताना दमतो. जेमतेम पाचवा हिस्सा पलीकडे पोहोचतो. भिंतीची जाडी कागदावर लिहिली त्याहून एक मिलिमीटरने कमी-अधिक निघाली, तर उत्तर दहा-बारा टक्क्यांनी चुकते. मालकाच्या कागदावर विसंबून काट्याला दुरुस्ती लावणे ही कल्पना आम्हांला मुळीच रुचत नाही, आणि तपासनीसांनाही रुचली नाही. म्हणून ते खिशातून दुसरे एक उपकरण काढतात. भिंतीवर टेकवून त्यातून कानाला ऐकू न येणारा ध्वनी आत सोडावयाचा, तो पलीकडच्या पृष्ठावर आपटून परत यावयास किती वेळ लागला यावरून जाडी काढावयाची. बॉयलरची झीज तपासणारे आमचे बांधव हेच उपकरण वापरतात. अणुशास्त्राचे एवढे अवडंबर, आणि त्याची सचोटी शेवटी बॉयलर तपासनीसाच्या एका साध्या मापकावर उभी.

शिवाय सालच बोलते म्हटल्यावर लबाडाला युक्ती सुचणारच: वरून एक माल, आत दुसरा. त्यासाठी आरपार जाणारा साक्षीदार हवा. तो म्हणजे न्यूट्रॉन.

प्लुटोनियममधून न्यूट्रॉन आपोआप भरपूर निघतात. युरेनियम त्या बाबतीत जवळजवळ मुके आहे. त्याला बोलते करावे लागते. अमेरिशियम आणि लिथियम यांच्या मिश्रणाची एक बारीकशी कुपी जवळ ठेवतात. तिच्यातून सौम्य न्यूट्रॉन सुटतात, ते मालात शिरून युरेनियम २३५ चे अणू फोडतात, आणि फुटलेला प्रत्येक अणू दोन-तीन नवे न्यूट्रॉन एकदम बाहेर फेकतो. कुपीचे न्यूट्रॉन एकेकटे येतात, फुटीचे न्यूट्रॉन जोडीने येतात. भोवती हेलियम वायूच्या नळकांड्यांचे कडे असते. ते जोडीने आलेल्यांचीच वेगळी मोजणी करते. जत्रेत एकटी माणसे किती आणि जोडपी किती हे फाटकावर उभ्या राहिलेल्या चाणाक्ष माणसाने सांगावे, तसे.

दुसरी तऱ्हा आम्हांला अधिक आवडली. कॅलिफोर्नियम नावाच्या धातूचा कण हा न्यूट्रॉनांचा झराच आहे. तो कण मालाजवळ न्यावयाचा, काही सेकंद ठेवावयाचा, चटकन मागे शिशा-मेणाच्या कोठीत ओढावयाचा आणि मग कान देऊन ऐकावयाचे. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. मागावरील धोट्यासारखी ही येरझार चालू राहते. कण दूर गेल्यावर ऐकावयाचे ते काय? शंभर अणू फुटले तर दीडएक न्यूट्रॉन असा असतो की जो इतरांबरोबर न निघता मागाहून, कोणी क्षणभराने तर कोणी मिनिटभराने, रेंगाळत बाहेर येतो. या रेंगाळणाऱ्यांची मोजदाद १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे रॉबर्ट कीपिन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारकाईने केली होती. पुढे कीपिन व्हिएन्नाच्या संस्थेत काम करून परतले आणि १९६६ साली त्यांनी लॉस अलामॉस येथे या न फोडता मोजण्याच्या संशोधनाची शाखा सुरू केली. ज्या गावी बॉम्ब घडला त्याच गावी बॉम्बच्या मालाचा काटा घडला. यात कोणास विरोधाभास दिसेल. आम्हांला दिसत नाही. कुलूप करणाराच किल्लीही जाणतो.

आपल्या महाराष्ट्राचा या काट्याशी संबंध तारापूरमुळे आला. १९६९ साली तेथे अमेरिकी बनावटीच्या दोन भट्ट्या सुरू झाल्या. त्यांना तीन टक्क्यांच्या आतले समृद्ध युरेनियम लागते, आणि ते बाहेरून आणण्याचा करार होता. भारत, अमेरिका आणि व्हिएन्नाची संस्था यांच्यात १९७१ साली त्रिपक्षी करार झाला आणि तारापूरच्या इंधनाची मोजदाद आंतरराष्ट्रीय तपासनीसांपुढे मांडण्याचे बंधन आले. बाहेरून आलेल्या युरेनियमच्या वड्या आणि इंधननळ्या हैदराबादच्या अणुइंधन संकुलात होत. छत्तीस नळ्यांची जुडी, माणसाच्या दुपटीहून उंच; ती एकदा बांधली की उघडावयाची नाही. अशा जुडीला न्यूट्रॉन मोजणाऱ्या यंत्राची चौकोनी गळपट्टी घालून आत किती युरेनियम २३५ आहे हे पाहण्याची पद्धत जगात रूढ झाली. तिच्यातही अडचण निघालीच. भट्टी सुरळीत पेटावी म्हणून काही जुड्यांच्या नळ्यांत गॅडोलिनियम मिसळतात. ते न्यूट्रॉन गिळते, आणि गळपट्टीला माल आहे त्याहून कमी भासतो. १९७४ च्या पोखरणनंतर अमेरिकेने पुढे हात आखडला, १९८० नंतरच्या दशकात फ्रान्सकडून इंधन आले. पुरवठादार बदलला, हिशेब मात्र चुकला नाही, तो ठेवावाच लागला.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय खरोखर निवडला तिच्याकडे येतो.

हिशेब जुळला नाही म्हणजे काय होते? अमेरिकेत पेनसिल्व्हानिया राज्यात, पिट्सबर्गपासून फार दूर नाही, अपोलो नावाचे लहानसे गाव आहे. तेथे १९५७ साली निघालेला एक कारखाना आरमाराच्या इंधनासाठी अतिसमृद्ध युरेनियमवर प्रक्रिया करी. १९६५ साली सरकारने तेथे मोजणी केली तेव्हा नव्वद किलोंहून अधिक माल हिशेबात बसेना. मघाची २५ किलोंची रेघ आठवा. गवगवा झाला. माल चोरून इस्रायलला धाडला असा संशय आला, वर्षानुवर्षे चौकश्या झाल्या, कोणावरही खटला उभा राहिला नाही. एवढे मात्र खरे की प्रक्रियेच्या कारखान्यात माल नळ्यांच्या वाकणांत, पंख्यांच्या पात्यांवर, गाळण्यांत, जमिनीच्या काँक्रीटमध्ये रुतून बसतो, आणि पुढे तो कारखाना मोडला तेव्हा काही माल अशा जागांतून निघाला. सर्वच तेथे होता काय, याचा निवाडा आजतागायत झालेला नाही. ती पहिली मोजणी झाली त्या काळी नळी न कापता आत किती अडकले आहे हे सांगणारी हातातली यंत्रे बाल्यावस्थेत होती. ती असती तर वाद कदाचित त्या वर्षीच मिटला असता.

गोदामात तूट आली की काय होते, हे आम्ही तीस वर्षे पाहिले आहे. पहिली झडती फाटकाशी, कामगाराच्या डब्याची. एका कारखान्यात, नाव सांगण्याचे कारण नाही, तांब्याच्या तुटीबद्दल दोन हमालांना घरी बसविले होते, आणि पुढे ते तांबे भट्टीच्या मळीतच सापडले. तेव्हा नळीच्या बाहेरून आतला माल दाखविणारे यंत्र आम्हांला केवळ शास्त्रज्ञाचे खेळणे वाटत नाही. ते निरपराध माणसाचा साक्षीदारही असू शकते.

पण अडकलेल्या मालाचा याहून भयंकर असा दुसरा अर्थ आहे. युरेनियम २३५ ठराविक मात्रेपेक्षा अधिक एके ठिकाणी साचले, त्यात पाणी मिसळलेले असले, भांड्याचा आकार फुगीर असला, तर साखळी आपोआप पेटते. तेथे दारूगोळा नको, ठिणगी नको. जपानमध्ये तोकाईमुरा येथे ३० सप्टेंबर १९९९ रोजी हेच झाले. १८.८ टक्के समृद्धीचे द्रावण करण्याचे काम होते. टाकीत एका वेळी २.४ किलो युरेनियम, ही मर्यादा ठरलेली. घाई होती, आणि कंपनीने परवान्यात नसलेली आडवाट स्वतःच्या कागदावर लिहून रूढ केली होती: युरेनियम पोलादी बादल्यांत विरघळवावे. या वेळी त्याही पुढे जाऊन द्रावण थेट मोठ्या टाकीत ओतले गेले. सातवी बादली ओतली जात असता निळी चमक झाली. टाकीत सोळा किलोंहून अधिक युरेनियम गेले होते. साखळी सुमारे वीस तास धुमसत राहिली. टाकीभोवतीच्या आवरणातले पाणी काढून टाकले तेव्हा विझली. जवळपासच्या लोकांना घरे सोडावी लागली, दहा किलोमीटरांच्या टापूत तीन लाखांवर माणसे दारे-खिडक्या लावून बसली. तीन कामगारांपैकी दोघे, एक त्याच डिसेंबरात आणि दुसरा पुढच्या एप्रिलात, मरण पावले.

त्या तिघांना आकडा माहीत नव्हता काय, असे कोणी विचारतात. आम्ही विचारतो, त्यांना त्या आकड्याचा अर्थ कोणी सांगितला होता काय? २.४ हा आकडा कागदावर होता. टाकीपाशी उभे राहून 'थांबा' म्हणेल असे काही नव्हते. वाफेच्या बॉयलरवर काचेची नळी आणि दाबाचा तबकडी-मापक कामगाराच्या डोळ्यांसमोर ठेवण्याची सक्ती कायद्याने केली, ती बॉयलर फुटून माणसे मेल्यावर. युरेनियमच्या कारखान्यात नळ्या, पंखे, गाळण्या ठराविक मुदतीने गॅमा-मापकाने फिरून तपासणे आज नियमात बसले आहे. तो व्हिएन्नाच्या तपासनीसाचा हिशेब आहे, तसाच तो कामगाराचा प्रेशर गेजही आहे, आणि आमचे म्हणणे असे की ज्या पाळीत माणूस काम करतो त्या पाळीला तो आकडा वाचता आला पाहिजे, समजला पाहिजे.

हे म्हणणे नवे नाही. इंग्लंडच्या कोळसा खाणींत मजुरी डब्याच्या वजनावर असे, आणि काटा मालकाचा. खाणकामगारांनी भांडून १८६० च्या कायद्यात हक्क मिळविला की, आमच्या खर्चाने आमचा एक माणूस काट्याशी उभा राहील. मालकांनी अशा माणसांना कामावरून काढून पाहिले, त्रास देऊन पाहिले. १८७२ आणि १८८७ च्या कायद्यांनी तो हक्क पक्का होत गेला. काट्यापाशी उभे राहिलेल्या त्या माणसांतून पुढे संघटनांचे अनेक पुढारी निघाले. व्हिएन्नाचा तपासनीस हा आम्हांला त्याच जातीचा माणूस वाटतो. तो राष्ट्राराष्ट्रांतील काट्यापाशी उभा आहे, आणि त्याच्यापुढे तोच जुना प्रश्न आहे: काटा खरा कशावरून?

काटा खरा की खोटा हे वजनमापांच्या शिक्क्यावरून ठरते, तसे येथेही शिक्क्याचे वजन लागते. अमेरिकेच्या प्रमाणमापन कार्यालयाने आणि बेल्जममधील खेल येथील युरोपीय प्रयोगशाळेने मिळून पाच डब्यांचा संच केला. प्रत्येक अॅल्युमिनियमच्या डब्यात दोनशे ग्रॅम युरेनियम ऑक्साइड, समृद्धी ०.३१, ०.७१, १.९४, २.९५ आणि ४.४६ टक्के, कित्येक प्रयोगशाळांनी तपासून निश्चित केलेली. यंत्र आधी या डब्यांवर धरावयाचे, उत्तर बरोबर आले तर मालकाच्या पिंपावर धरावयाचे. मालकाची वजने नकोत, आपली आपण आणावयाची. कोळशाच्या काट्यापाशी उभ्या राहिलेल्या त्या माणसाला हे पटकन उमगले असते.

तथापि या यंत्राला देव्हाऱ्यात बसवू नये. साधा हिशेब करून पाहू. एखाद्या मोठ्या कारखान्यातून वर्षाला चार टक्के समृद्धीचे पाचशे टन युरेनियम जाते असे धरा. त्यात युरेनियम २३५ झाले वीस हजार किलो. मोजण्यात शेकडा अर्धा टक्का चूक राहिली तर शंभर किलो. कमी समृद्धीच्या मालासाठी संस्थेने आखलेली रेघ आहे ७५ किलोंची. म्हणजे कोणी काही चोरले नाही तरी हिशेब रेघेपलीकडे डगमगणार, आणि कोणी थोडे थोडे चोरले तर ते त्या डगमगण्यात दडणार. म्हणून तपासनीस यंत्राबरोबर शिक्के लावतो, छायाचित्रक ठेवतो, न कळविता येतो. कित्येक चुका एकाच दिशेला झुकलेल्या असतात, त्या वर्षानुवर्षांचे आकडे शेजारी मांडल्यावरच दिसतात. तेथे बुद्धिमत्तेपेक्षा चिकाटी उपयोगी पडते.

साधनांचीही ओढाताण आहे. न्यूट्रॉन मोजणाऱ्या नळकांड्यांत जो हेलियम ३ वायू लागतो तो मुख्यतः अण्वस्त्रांसाठी साठविलेल्या ट्रिटियमच्या झिजेतून मिळतो. शस्त्रांचे उत्पादन घटले, मागणी वाढली, आणि २००९ च्या सुमारास त्याचा तुटवडा पडला. शस्त्रे कमी झाली म्हणून शस्त्रांवर पाळत ठेवणारा वायू महागला! आता बोरॉनच्या थरावर चालणारी नळकांडी पुढे आली आहेत.

व्याख्यानाआधी एका विद्यार्थ्याने आम्हांला विचारले की, हे यंत्र बंदराच्या फाटकावर ठेवले की चोरटे युरेनियम पकडता येईल ना? त्याला दिलेले उत्तर येथे सर्वांसाठी देतो. जो माल 'हा येथे आहे' असे सांगून पुढे ठेवला आहे, तो किती आणि कसा हे सांगण्यात हे शास्त्र पटाईत आहे. लपविलेला शोधणे ही निराळी गोष्ट. १८६ चा तो किरण दुबळा आहे; तीन मिलिमीटर शिशाच्या पत्र्यामागे त्याचे शंभरात दोनही उरत नाहीत. फाटकावरच्या यंत्राला त्यापेक्षा केळी, चिनी मातीच्या फरश्या आणि खताची पोती अधिक मोठ्याने ऐकू येतात, कारण त्यांत नैसर्गिक किरणोत्सर्गी द्रव्ये असतात. म्हणून फाटकावर न्यूट्रॉनांचा मारा करून पाहण्याचे, जड वस्तूंची सावली क्ष-किरणांनी धरण्याचे प्रयोग चालू आहेत. त्या विषयाला आणखी एक संध्याकाळ लागेल, आणि त्यासाठी चालकांनी आमच्याहून जाणता वक्ता बोलवावा.